नोंदवहीतलं ‘अधिक एक’

व्यसनमुक्ती केंद्रात राहून उपचार घेणाऱ्या बाईजवळ तिचं तान्हं किंवा दोन-चार वर्षांचं मूल असू द्यावं की नाही, या विषयावर जे बोललं जातं ते ऐकताना मला एक शंका हटकून येते: या वादात मुलाशी कुणाला काही देणंघेणं आहे का? एक पक्ष म्हणतो, जिला नशेपायी स्वतःला सांभाळता आलं नाही तिच्या हाती लेकरू कसं सोपवायचं? आधी बरी हो, मग मूल ने. दुसरा पक्ष गहिवरून म्हणतो, मूल हेच तिचं औषध आहे, त्याच्या तोंडाकडे बघून ती सुधारेल. पहिल्यांच्या लेखी मूल म्हणजे बक्षीस, दुसऱ्यांच्या लेखी गोळी. भांडण चालतं ते आईच्या लायकीवरून. मूल मधल्यामध्ये इकडून तिकडे ढकललं जातं, आणि वय दोन वर्षं असल्यामुळे ते हरकतही घेत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. मूल आईजवळ असू द्यावं. थोडे अपवाद सोडले तर द्यावंच. पण आईनं ते कमावलं म्हणून किंवा तिला उभारी यावी म्हणून देऊ नये. मुलानं तिथे स्वतःच्या नावावर राहावं: त्याची वेगळी फाइल, त्याच्यासाठी नेमलेलं वेगळं माणूस, त्याच्या गरजांचा वेगळा हिशेब. ज्या केंद्राला हे जमत नसेल त्यानं मुलं घेऊ नयेत, हेही त्यातच आलं.

काही वर्षांपूर्वी अशा एका केंद्रात मी आठवड्यातून दोनदा जात असे. काम साधं होतं, बायकांना अर्ज लिहून द्यायचे: मुलाच्या ताब्याचे, शाळेचे, जन्मदाखल्याचे. रात्री हजेरी व्हायची. सिस्टर नोंदवहीत एकेक नाव लिहायच्या आणि जिच्याजवळ मूल असेल तिच्या नावापुढे ‘+१’ असं टाकायच्या. एकीपुढे ‘+२’ होतं. यात दुष्टपणा काडीचा नव्हता. कुठल्या पोराला कुठलं सिरप सोसत नाही हे त्याच सिस्टरना तोंडपाठ होतं, आणि कुणाचा डावा बूट सापडत नाही हेही. पण वही तपासायला येणाऱ्या अधिकाऱ्यापुरत्या त्या घरात अठरा बायका होत्या आणि काही अधिकचिन्हं. वादातल्या दोन्ही पक्षांना मूल दिसतं ते असंच.

मुळात आपल्या डोळ्यांसमोरचं व्यसनमुक्ती केंद्र कुणासाठी बांधलं गेलं? अमेरिकेत केंटकी राज्यात लेक्सिंग्टनला १९३५ साली सरकारनं व्यसनी लोकांसाठी एक प्रचंड संस्था उघडली. अर्धं रुग्णालय, अर्धा तुरुंग, सोबत शेती. तिथे बायकांना प्रवेश मिळायला १९४१ साल उजाडलं. पुढे १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात ‘सिनॅनॉन’ ही वसाहत सुरू झाली. आज जगभर ‘थेराप्युटिक कम्युनिटी’ या नावानं जी केंद्रं चालतात त्यांची मुळं बरीचशी तिथली. गोलात बसवून एकेकाला सोलून काढायचं, जुनी ओळख मोडायची, सवलती पायरीपायरीनं कमवायच्या. तिथली मुलंसुद्धा आईबापांपासून वेगळी, सामूहिक संगोपनगृहात वाढवली जात. या साऱ्या रचनेच्या मनात माणूस एकच होता: एकटा, तरुण, पाश नसलेला पुरुष. पाश नसलेला म्हणजे तरी काय? पाश होते, पण ते सांभाळायला मागे कुणीतरी बाई होती. पुरुष भरती व्हायला येतो तेव्हा ‘मुलं कुणाकडे ठेवलीस?’ असं त्याला कुणी विचारत नाही. बायको, आई, बहीण, उत्तर ठरलेलंच असतं. बाई आली की पहिला प्रश्न तोच, आणि पुष्कळदा त्याला उत्तर नसतं म्हणून ती येतच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक अहवालांत हे स्पष्ट दिसतं: ॲम्फेटामिनसारखी उत्तेजकं वापरणाऱ्यांत बायका जवळपास निम्म्या, त्यासाठी उपचार घेणाऱ्यांत मात्र चौथ्या हिश्श्याच्या आसपास. कारण एकच आहे असं मी म्हणणार नाही. लाज आहे, पैसा आहे, नवरा आहे (माल आणून देणारा पुष्कळदा तोच). पण मूल दाराबाहेर सोडून ये म्हणणारं केंद्र हेही एक कारण आहेच, आणि ते बदलणं त्यातल्या त्यात सोपं आहे.

‘मूल बाहेर सुरक्षित राहील’ असं म्हणणाऱ्याला मी विचारते, बाहेर म्हणजे नेमकं कुठे? त्याच्या मनात एक नीटनेटकं, प्रेमळ घर असतं. तशी घरं असतात, आणि असं घर खरोखर मिळत असेल तर मी वाद घालणार नाही. पण बहुतेकांच्या वाट्याला येणारं ‘बाहेर’ म्हणजे गुडघ्यांनी हैराण झालेल्या आजीचं घर, ज्याचं स्वतःचं पिणं सुटलेलं नाही त्या काकाचं घर, अनाथगृह, नाहीतर दर सहा महिन्यांनी बदलणारी पालक-कुटुंबं. किंवा मग आई उपचाराला जातच नाही आणि मूल तिच्याजवळ घरीच राहतं, नशेसकट. केंद्राची तुलना करायची ती या घरांशी. मनातल्या घराशी केली तर कुठलीही जागा हरणारच.

आणि मुलाला व्यसनापासून लांब ठेवा म्हणणाऱ्यांच्या हे ध्यानात येत नाही की ते मूल व्यसनाच्या घरातूनच आलेलं असतं. त्यालाही त्यातून उतरायला वेळ लागतो. त्या केंद्रात साडेतीन वर्षांची एक मुलगी होती. दुपारी आई जरा आडवी झाली की ती खेळ टाकून यायची, आईच्या नाकाखाली बोट धरायची, क्षणभर थांबायची आणि पुन्हा खेळायला जायची. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. आधीच्या घरात ते काम तिच्यावर येऊन पडलं होतं. सुरुवातीला दिवसातून कितीतरी वेळा. मग कमी होत गेलं. चौथ्या महिन्यात एका दुपारी ती झोपलेल्या आईसमोरून चेंडूमागे पळत गेली आणि थांबली नाही. मी आणि सिस्टर एकमेकींकडे पाहतच राहिलो. आईला अर्थात यातलं काही कळलं नाही, ती घोरत होती. ते बोट धरणं सुटलं कारण आई रोज डोळ्यांसमोर होती आणि रोज झोपेतून उठत होती. आजीकडे ठेवली असती तर आई श्वास घेतेय की नाही हे तिनं कसं तपासलं असतं?

हा वाद तसा जुना आहे, जागा तेवढी बदलली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमधल्या मोठ्या रुग्णालयांत भरती केलेल्या मुलांना आईबापांनी भेटणं जवळजवळ बंद होतं. कुठे रविवारची एक दुपार, कुठे तेवढंही नाही. लंडनच्या एका नामांकित रुग्णालयात चाळीसच्या दशकाच्या अखेरीस नियम होता की पहिला महिना भेट नाही. संध्याकाळी मूल झोपलं की आईबापांनी येऊन नुसतं बघून जावं. कारणं भारदस्त होती. जंतू येतात, शिस्त मोडते, आणि सगळ्यांचं लाडकं कारण म्हणजे भेट झाली की मूल रडतं, भेट नसली की चार दिवसांत ‘रुळतं’. १९५२ मध्ये आईपासून दुरावलेल्या मुलांचा अभ्यास करणाऱ्या जेम्स रॉबर्टसन यांनी दोन वर्षांच्या एका मुलीच्या आठ दिवसांच्या रुग्णालयवासाचं चित्रण करून डॉक्टरांच्या सभेत दाखवलं, तर डॉक्टरच खवळले. रॉबर्टसन आणि त्यांचे सहकारी, मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांचं म्हणणं असं की मूल आधी आक्रोश करतं, मग खचतं, मग आईकडे पाठ फिरवतं. वॉर्डात जे पोर शहाण्यासारखं बसलेलं दिसतं ते या शेवटच्या पायरीवर पोचलेलं असतं, आणि तुम्ही त्याला रुळणं म्हणता. १९५९ मध्ये रुग्णालयातल्या मुलांच्या प्रश्नावर सरकारनं नेमलेल्या प्लॅट समितीनं भेटीच्या वेळा खुल्या कराव्यात आणि लहान मुलाबरोबर आईला राहू द्यावं अशी शिफारस केली. वॉर्डात हयात घालवलेल्या अनुभवी माणसांनी तेव्हाही ते अव्यवहार्य ठरवलं होतं. 

यावर लगेच उत्तर येतं: तिथे मूल आजारी आणि आई धडधाकट होती, इथे उलटं आहे. खरं आहे, साम्य तंतोतंत नाही. पण मुलाच्या बाजूनं पाहिलं तर फरक कितीसा उरतो? दोन वर्षांच्या पोराला निदान कळत नाही. आई काल होती आणि आज नाही, एवढंच कळतं. केंद्राबाहेर ठेवलेलं मूल ‘छान रुळलंय, आईची आठवणसुद्धा काढत नाही’ असं कौतुकानं सांगणारे नातेवाईक मी कितीतरी ऐकलेत. ते ऐकताना मला ते जुने वॉर्ड आठवतात.

नवजात बाळांच्या बाबतीत हाच धडा वैद्यकाला अलीकडे पुन्हा गिरवावा लागला. गरोदरपणी अफूवर्गीय नशा करणाऱ्या किंवा मेथाडोनवर (ही नशा सोडवण्यासाठी रोज दिल्या जाणाऱ्या औषधावर) असणाऱ्या आईच्या बाळाला जन्मानंतर टर्की, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, येऊ शकते: कर्कश रडणं, थरथर, दूध नीट न ओढणं. वर्षानुवर्षं रीत अशी की बाळ अतिदक्षता विभागात न्यायचं, ठरावीक तासांनी लक्षणांना गुण द्यायचे आणि आकडा चढला की मॉर्फिन सुरू करायचं. मग काही ठिकाणी साधी गोष्ट करून पाहिली गेली. मंद उजेड, शांतता, बाळ आईच्या किंवा जवळच्या माणसाच्या अंगावर, आणि प्रश्न तीनच: पीतं का, झोपतं का, उचलून घेतल्यावर शांत होतं का? अमेरिकेतल्या २६ रुग्णालयांत झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या पद्धतीनं औषध द्याव्या लागणाऱ्या बाळांचं प्रमाण ५२ टक्क्यांवरून २० टक्क्यांच्या आत आलं, आणि घरी सोडण्याजोगं होण्याचा काळ सरासरी १५ दिवसांवरून ८ दिवसांवर. व्हँकुव्हरमध्ये तर २००३ पासून ‘फर स्क्वेअर’ नावाचा रुग्णालयातला विभागच आहे, जिथे नशेतून बाहेर पडू पाहणाऱ्या गरोदर बाया आणि बाळंतिणी बाळाला जवळ घेऊन राहतात. कुणी कुणाचं औषध असलंच तर इथे आई बाळाचं आहे. घोषणा मात्र उलटी दिली जाते.

जाता जाता एक. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत ‘क्रॅक बेबी’ची ओरड झाली, कोकेन घेणाऱ्या आयांची पोरं म्हणजे एक अख्खी पिढी वाया गेली असं भाकीत होतं. फिलाडेल्फियात हॅलम हर्ट या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९८९ ते १९९२ दरम्यान जन्मलेल्या २२४ बाळांचा पाठपुरावा दोन दशकं केला. त्यातली निम्मी पोटात असताना कोकेनच्या संपर्कात आलेली, निम्मी नाहीत, घरं सगळ्यांची गरिबीची. दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. मागे पडली होती ती दोन्हीकडची मुलं. (दारूचं तसं नाही. गरोदरपणातल्या दारूनं गर्भाचं कायमचं नुकसान होऊ शकतं, आणि ती तर दुकानात राजरोस मिळते.)

आता विरुद्ध बाजूचे मुद्दे. ते कच्चे नाहीत. पहिला पुराव्याचा. मुलासह राहणाऱ्या बायका जास्त टिकतात असं केंद्रं सांगतात. पण ज्यांच्याजवळ मूल अजून उरलंय त्या बायका मुळातच कमी खचलेल्या नसतील कशावरून? रास्त शंका आहे. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून झालेला एक अभ्यास फ्लोरिडातला, १९९५ मध्ये छापला गेलेला. कोकेनच्या आहारी गेलेल्या पन्नासएक बायका. काहींना मुलं जवळ ठेवू दिली, काहींना नाही. मुलं जवळ असलेल्या सरासरी ३०० दिवस राहिल्या, बाकीच्या सुमारे १००. फरक मोठा, पण अभ्यास छोटा, आणि केंद्रात टिकणं म्हणजे नशा सुटणं नव्हे. आकड्यांच्या जोरावर हा वाद आम्हाला जिंकता येणार नाही हे आमच्या बाजूनं कबूल करावं. मात्र निवासी उपचारातून तीन महिन्यांच्या आत निघून जाणाऱ्याला फारसा फायदा होत नाही, यावर या क्षेत्रात बऱ्यापैकी एकमत आहे. आणि मूल बाहेर ठेवून आलेली बाई निघून कधी जाते? मूल तापानं फणफणलंय असं फोनवर कळलं की त्याच रात्री.

दुसरा मुद्दा लक्ष विभागण्याचा. गटसभा चालू असली की मूल दार वाजवतं. अवघड विषय निघाला की ‘त्याला शी लागलीय’ म्हणत आई उठून जाते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि खरं सांगायचं तर काही जणी मुलाची ढाल इतक्या सराईतपणे वापरतात की बघत राहावं. पण मग दुसरा मार्ग कोणता? रात्रभर झोपलेल्या, कुणाचं काही करावं न लागणाऱ्या बाईला तीन महिने नशेशिवाय राहायला शिकवायचं, आणि नव्वदाव्या दिवशी हट्टी पोर कडेवर देऊन घरी धाडायचं? काठावर हातपाय मारून कुणाला पोहता आलंय? तिची तल्लफ उठते ती पहाटे तीनला, पोर तासभर रडून रडून निळं पडत असताना. ती पहाट केंद्रात उगवावी, पलीकडच्या खोलीत कुणी जागं असताना, की घरी? दार वाजवणाऱ्या मुलाला सांभाळायला माणूस नेमता येतो. ढालीचं काय करायचं ते समुपदेशकानं बघावं, त्याचं ते कामच आहे.

तिसरा मुद्दा धोक्याचा, आणि तिथे भाबडेपणा जीवघेणा ठरेल. मोठ्या माणसाला रोज लागणारा मेथाडोनचा एक डोस लहान मुलाचा जीव घेऊ शकतो. कुणीतरी चोरून माल आत आणतं. दोघी भांडतात, खुर्ची भिरकावली जाते. म्हणून कुटुंबांसाठी वेगळी इमारत, निदान वेगळा मजला हवा; औषध कुलपात हवं आणि सिस्टरसमोर गिळायला हवं; जी आई मुलावर हात टाकते तिच्याबरोबर मूल नकोच. इंग्लंडमध्ये प्लिमथ आणि शेफील्ड इथे खास यासाठीची केंद्रं आहेत. शेफील्डला तर मुलासह बापही राहतो, आणि ‘आईचं काळीज’ वगैरेवर बेतलेले आपले सगळे युक्तिवाद तिथे लंगडे पडतात. हे काही न करता साध्या वॉर्डात एक पाळणा सरकवून ‘आम्ही मुलंही घेतो’ म्हणणाऱ्यांना विरोधकांनी जरूर झोडावं. मीही दोन शब्द घालीन.

सगळ्यांत अवघड मुद्दा काळाचा. व्यसन सुटण्याला वर्षं लागतात. माणूस घसरतो, उठतो, पुन्हा घसरतो. मुलाच्या आयुष्यातली पहिली तीन वर्षं तेवढी थांबत नाहीत. आई अर्ध्यातून निघून गेली तर मुलाला आणखी एक घर मोडताना बघावं लागतं, त्यापेक्षा ते आधीच स्थिर जागी असलेलं काय वाईट? याला माझ्याकडे झटकून टाकणारं उत्तर नाही. अमेरिकेनं १९९७ च्या कायद्यात मर्यादाच घालून दिली: मूल २२ महिन्यांपैकी १५ महिने सरकारी देखरेखीत राहिलं तर, काही अपवाद वगळता, आईबापांचे हक्क संपवण्यासाठी सरकारनं न्यायालयात जावं. मुलानं कुणाच्या तरी बरं होण्याची वाट बघत लटकत राहू नये, हा त्यामागचा विचार मला पटतो. पण महिने मोजणं सुरू झालं आणि आई उपचाराच्या जागेसाठी रांगेत उभी. मूल केंद्रात तिच्याजवळ असेल तर निदान हे महिने दोघांनी एकमेकांविना काढलेले नसतात, आणि ती मूल वाढवू शकते का याचा अंदाज न्यायालयाला कागदावरून बांधावा लागत नाही. रोजचं दिसत असतं. त्याच देशानं २०१८ मध्ये कायद्यात सोय केली की देखरेखीतलं मूल आईबापांबरोबर निवासी उपचार केंद्रात ठेवलं तर १२ महिन्यांपर्यंत त्याचा खर्च केंद्र सरकारच्या बालसंगोपन निधीतून मिळू शकेल. १२ महिनेही कमीच. मॅसॅच्युसेट्समधल्या बाळंतिणींच्या नोंदींचा २०१८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की ओव्हरडोसचा धोका गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत सर्वांत कमी असतो आणि बाळंतपणानंतर सातव्या ते बाराव्या महिन्यात सर्वांत जास्त. म्हणजे बाळ बघायला येणारी माणसं पांगली, तपासण्या संपल्या, बाळ रांगायला लागलं, की मग.

आधी मूल काढून घ्या, धाकानं सुधारेल, हा उपाय राहिला. तो करून झालेला आहे. दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्स्टनमध्ये एका सरकारी रुग्णालयात १९८९ पासून गरोदर बायांची लघवी कोकेनसाठी तपासून निकाल पोलिसांकडे पाठवत. काहींना थेट रुग्णालयातून अटक झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००१ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी न्यायालयानं सांगितलं की बाईच्या संमतीविना पोलिसांसाठी केलेली अशी तपासणी ही घटनाबाह्य झडती आहे. टेनेसीनं २०१४ मध्ये गरोदरपणी नशा करून बाळाला अपाय करणं हा गुन्हाच ठरवला. मुदत संपल्यावर २०१६ मध्ये तो कायदा पुढे चालू ठेवला नाही. अशा कायद्यांतून बाई शिकते एकच: डॉक्टरला खरं सांगू नये, जमलं तर दवाखान्याची पायरीच चढू नये. मग बाळाचं रक्षण कुणी केलं?

आता आमच्या बाजूला चार शब्द. ‘मूल हेच तिचं औषध’ हे वाक्य आम्ही सोडून द्यावं. ज्या मुलीचं बोट आईच्या नाकाखाली जात होतं तिला हे वाक्य समजलं असतं तर काय वाटलं असतं? आई पुन्हा घसरली तर औषध कमी पडलं असाच त्याचा अर्थ होतो. पोरं तशीही असंच समजतात, त्यात आपण भर घालू नये. आणि केंद्रांतली ती सवलतींची शिडी: गटसभेत नीट बोललीस तर रविवारी मुलाला दोन तास जास्त, नियम मोडलास तर या आठवड्यात भेट बंद. शिक्षा आईला, उपाशी कोण? तुरुंगाचे नियम याबाबतीत केंद्रांपेक्षा शहाणे निघाले. संयुक्त राष्ट्रांनी २०१० मध्ये स्वीकारलेले ‘बँकॉक नियम’ सांगतात की आईबरोबर तुरुंगात राहणाऱ्या मुलाला कधीही कैदी म्हणून वागवू नये. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं २००६ साली आर. डी. उपाध्याय खटल्यात मुलाला सहा वर्षांपर्यंत कैदी आईजवळ राहण्याची मुभा दिली. त्याच्या आहाराचे, पाळणाघराचे, शाळेचे नियम घालून दिले, आणि जन्मदाखल्यात जन्मस्थळ म्हणून तुरुंगाचं नाव येऊ नये इथवर काळजी घेतली. गुन्हेगार ठरलेल्या बाईच्या मुलाला जे मिळतं ते आजारी बाईच्या मुलाला का नाही?

खर्चाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. महाग पडतं. मूल सरकारी देखरेखीत ठेवणं आणि आईला पाच वेळा भरती करणं हेही महाग पडतं, फक्त ती बिलं वेगवेगळ्या टेबलांवर जातात.

त्या केंद्रात मी असतानाच एक बाई रात्री भिंत चढून निघून गेली. दोन महिने चांगली राहिली होती. मुलगा चार वर्षांचा, खोलीत झोपलेला. विरोधकांच्या हातात याहून चांगलं उदाहरण कोणतं द्यावं? मी ते लपवत नाही. मूल तिथे होतं म्हणून ते घडलं असं मात्र मला वाटत नाही. ती तशीही गेली असती, कदाचित आधीच. मला आठवते ती त्यानंतरची सकाळ. ऑफिसात सगळे त्याच्याभोवती. कुणाला कळवायचं? आईच्या फाइलमध्ये नवऱ्याचा बंद पडलेला नंबर. मुलाची फाइलच नव्हती. सिस्टरनी त्याला मांडीवर घेतलं आणि विचारलं, गावाला कोण असतं तुझं? आजी, तो म्हणाला. आजीचं नाव काय? त्यानं सिस्टरकडे अशा नजरेनं पाहिलं की हिला एवढंही माहीत नाही, आणि पुन्हा म्हणाला, आजी.

आजी सापडायला अकरा दिवस लागले. वही माझ्यासमोरच होती. आदल्या रात्रीच्या पानावर त्याच्या आईच्या नावावर लाल रेघ मारलेली होती, आणि त्या रेघेखाली ‘+१’ही खोडला गेला होता.